विहिरीचं पहिलं पाणी

कटंगी, ४ मार्च १९८६

चि. सौ. आनंदीस शेवंताताईचा जय भीम वि. वि.

वस्तीतला नथ्थू इथं बाजारात भेटला. तासभर तुझंच पुराण! म्हणे आपल्या वस्तीमागं नगरपालिका साऱ्या बालाघाटच्या कचऱ्याचं खत करायचा कारखाना टाकून राह्यली, अन् आनंदी वस्तीतल्या बायायले घेऊन ट्रॅक्टरपुढं बसली. पेपरातला फोटो दाखवला. माझी खुशाली विचारायचं काही त्याले सुचलं नाही.

बाई, मी जळते, हौ. मी परक्या गावी आली. तू घरजावई आणून बाबांच्याच घरात राह्यली. घर तुझं, विहीर तुझी. इथल्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. अन् फोटोत तुझ्या अंगावरचं रुईफुली काठाचं लुगडं आईचं ना? ते आई मले देणार होती.

लोभ ठेव, माझ्या वाट्याले तेवढाच उरला आहे.

तुझी ताई


बालाघाट, ९ मार्च १९८६

ती. सौ. ताईस सविनय जय भीम वि. वि.

लुगडं आईचंच. घेऊन जा, पण आधी ये. नगरपालिकेचे साहेब येऊन गेले. म्हणाले, पिण्याची जुनी विहीर असती तर जागा बदलली असती, पण ही तुम्ही आताच खोदली असेल. बंगल्यांमागची पडीक जागा त्याईले दिसत नाही. कचरा त्यायचा, अन् घाण आमच्या लेकरायच्या नाकातोंडात!

गावच्या विहिरीवर बाबांना चढू दिलं नाही म्हणून त्यांनी ही खोदली, हे मी सांगितलं. तू पाह्यलं का, असं साहेबांनी विचारलं. मी तर तेव्हा जन्मलीही नव्हती. पाह्यलेली आता तूच एक उरली. वीस तारखेले, गुरुवारी, साहेब पुन्हा येतात.

राग असू दे, पण माया सोडू नको.

तुझी आनंदी


कटंगी, १४ मार्च १९८६

चि. सौ. आनंदीस जय भीम वि. वि.

हौ, तू नव्हती! तुझ्या हातचं हे वाचून इतकं बरं वाटलं की पुन्हा पुन्हा वाचलं.

बाबा खाली खोदत, आई टोपलं ओढे, अन् माती मी वाहे. टाळूवरचे केस झिजून गेलते. पाणी लागलं तेव्हा पहिला पेला बाबांनी मले पाजला. गढूळ होतं, पण गोड. हे आजवर कोणाले सांगितलं नाही. तुझ्यापाशी सारं आहे, एवढं तरी माझं राहू दे म्हटलं. आता भर वस्तीत साहेबाले सांगीन.

बुधवारच्या गाडीनं येते. मी बोलताना मधे तोंड घालायचं नाही. लुगडं धुऊन ठेव, मी तेच नेसून बसीन. फोटोवाल्याले बोलाव, अन् तू जराशी मागं बस.

डाळ मात्र मी आल्यावर चढव. आपल्या विहिरीचं पाणी मी शेंदीन.

जळते तरी तुझीच,
ताई