सैल होणारी कडी

चिमणे,

तुझ्या दाराची कडी बसवायला तो सुतार पोरगा आज पुन्हा येतोय. मला पहिल्यापासून संशय, हाच स्क्रू ढिले ठेवून जातो. झोपलेल्या वाघाच्या मिशा मोजून आलेला माणूस मी, मला बनवतो काय! काल तो गेल्यावर कडी हलवून पाहिली, तर पक्की. सकाळी बघतो तर लोंबतेय. आणि माझा हरवलेला स्क्रूड्रायव्हर तुझ्या उशीखाली!

तुझा बाप दारावर लाथा घालायचा, तेव्हापासून कडी लावून वर खुर्ची टेकवल्याशिवाय तू कधी झोपली नाहीस. काल खुर्ची टेबलापाशीच होती.

मी बाहेर चाललोय, सावकाश येईन. त्याला खिडकीही दाखव. तिचे स्क्रू मी काढून ठेवलेत.

— आजोबा