शेवटच्या पंगतीतला फुलबॅक

बाबा,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. माणूस गेला की सोडून द्यावं, असं सगळे म्हणतात. मी सोडलेलं नाही, तसा प्रयत्नही केलेला नाही. उलट आई तिचं लग्नातलं लुगडं ऊन दाखवायला काढते तसा मी तो राग अधूनमधून बाहेर काढतो, कसर लागली नाही ना ते बघतो आणि घडी घालून परत ठेवतो. गेल्या आठवड्यात वेस्ट मांबलमचा फ्लॅट रिकामा केला. आई आता अण्णा नगरला माझ्याकडे असते. तुमच्या लोखंडी ट्रंकेत, लष्करातल्या बुटांच्या खाली, निवड समितीची ती निळी वही निघाली. कारखान्यातून आलात की रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही ती उघडून बसायचात. वहीचं पुढे सांगतो.

आधी पंगतीचं. मी आठ वर्षांचा आहे. मराठी मंडळाच्या गणपतीचं जेवण आहे, तुम्ही वरणाची बादली घेऊन पानापानापाशी वाकताय आणि मी खांबाला टेकून भुकेने कळवळतोय. 'आपण घरचे. घरचे शेवटच्या पंगतीला बसतात,' तुम्ही मला तीनदा सांगितलंत. शेवटची पंगत बसली तेव्हा जिलबी संपली होती. सगळे म्हणत होते, काय माणूस आहे! वाहवा तुमची आणि उपास माझा, हे तेव्हापासून चालू झालं. शाळेच्या सहलीत, मंडळाच्या नाटकात, जिथे म्हणून तुमचा शब्द चालत होता तिथे माझा नंबर शेवटचा.

रग्बीही तुमचीच. लष्करात शिकलात आणि सगळं मद्रास क्रिकेट खेळत असताना पोराला त्या लांबट चेंडूमागे पळायला लावलंत. चौदाव्या वर्षी मला फुलबॅकला उभं केलंत. सगळ्या टीमच्या मागे, एकटा. समोरचे चेंडू आभाळात उंच मारणार, आणि तो खाली येईपर्यंत त्यांची दांडगी माणसं आपल्या अंगावर धावत येणार. 'माणसाकडे बघायचं नाही,' तुम्ही ओरडायचात, 'चेंडूकडे बघायचं. माणूस येतोच.' किती वेळा आपटलो असेन, पण मान वळवली नाही. हे एक तुम्ही मला नीट शिकवलंत, ते नाकारत नाही.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. वर्ल्ड कपच्या आशियाई पात्रता फेरीसाठी भारताची टीम निवडायची होती आणि समितीत तुम्ही होतात. फुलबॅकसाठी आम्ही दोघं होतो: मी, आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात शिफ्ट करून सरावाला येणारा तो उंच मुलगा. चांगला होता. माझ्याइतका नव्हता, आणि हे मैदानावरच्या माळ्यालाही ठाऊक होतं. यादी ठरली त्या संध्याकाळी तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसलात. आईने डांगर पचडी वाढली. तुम्ही भात कालवता कालवता म्हणालात, 'तुझं नाव नाही.'

'का?'

'बाकीचे तुझंच नाव घेत होते. मीच म्हटलं, माझा मुलगा आहे, त्याला राहू द्या. तोही चांगला खेळतो.'

'चांगला, की माझ्यापेक्षा चांगला?'

तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. 'घरचे शेवटच्या पंगतीला बसतात.'

'बाबा, पंधरा जणांच्या टीमला शेवटची पंगत नसते!'

मी ताटावरून उठलो. मागून आईचा तंजावरी आवाज आला, 'पोदुम हो, पोदुम. पुरे झालं. लोकांस वाढून वाढून घरचं पोर उपाशी ठेवलं तुम्ही. हे तुम्हास ठावं आहे की?' आई तुमच्यावर अशी कधी चढली नव्हती. तुम्ही ताक मागितलंत.

टीमबरोबर व्यवस्थापक म्हणून तुम्हीच जाणार होतात. निघायच्या चार दिवस आधी तुम्ही वही उघडलीत आणि मला समोर बसवलंत. 'खरं सांग, आपली टीम कुठवर जाईल?' मी सांगितलं. समोरचे वजनाने भारी, रेटारेटीत आपल्याला दाबणार; पण आपले पळायला चपळ आहेत, पहिला अर्धा भाग तग धरला तर सामना आपला आहे. तुम्ही शब्दन् शब्द लिहून घेतलात. मग पेन थांबवलंत. 'आणि फुलबॅक? दोन वर्षं तू त्याच्याबरोबर सराव केलायस. समोरच्यांचा सगळा भर उंच किकवर आहे. काही कमी असेल तर आत्ता सांग. यादीतला बदली मुलगा त्या जागी खेळू शकतो.'

मला माहीत होतं. दोन वर्षं मीच त्याला उंच चेंडू मारून देत होतो. उजवीकडे तो कधी चुकायचा नाही. डाव्या खांद्यावरून चेंडू उतरू लागला की शेवटच्या क्षणी मान वळवून येणाऱ्या माणसाकडे बघायचा. दर वेळी नाही, पण पुरेशा वेळा.

'पक्का आहे,' मी म्हटलं. 'काळजीच नको.'

त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

सामना टीव्हीवर नव्हता. दुपारभर मी फोनपाशी बसून होतो. तुमचा फोन आला. 'हरलो,' तुम्ही म्हणालात. 'डाव्या बाजूला उंच चेंडू, दोनदा. दोन्ही वेळा त्याने मान वळवली. नाहीतर सामना आपला होता रे.' तुमचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला आनंद झाला, बाबा. गुदगुल्या व्हाव्यात तसा आनंद. मी म्हटलं, 'तुम्हीच घेतलात ना त्याला?' पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. परत आल्यावर तुम्ही समिती सोडलीत आणि मैदानाकडे फिरकला नाहीत. काय माणूस आहे म्हणणारेच आता मोठेपणाच्या हौसेपायी देशाचा सामना घालवला म्हणून हसत होते. मी ऐकत उभा राहायचो. एकालाही गप्प केलं नाही.

दीड वर्षाने तुम्ही गेलात. तुमच्या तेराव्याला मी मुद्दाम पहिल्या पंगतीत, पहिल्या पानावर बसलो. आईने एकदाच बघितलं. वाढायला कोण होतं सांगू? तो. शिफ्ट बुडवून आला होता, धोतर खोचून भाताचं भांडं घेऊन फिरत होता. शेवटी आईबरोबर जेवायला बसला तेव्हा म्हणाला, 'तप्पु एन्नोडदु, अम्मा. चूक माझी. सारांनी माझ्यासाठी बोलणी खाल्ली.' मी तिथेच हात पुसत उभा होतो.

आता वही. शेवटचं लिहिलेलं पान सामन्याच्या आदल्या दिवसाचं आहे. तुमचं ते ताठ अक्षर. 'फुलबॅकबद्दल प्रशिक्षकांना शंका. बदली खेळवू म्हणाले. मी नको म्हटलं. घरी चिरंजीवांना विचारून आलो आहे. त्याची जागा मी काढून घेतली, तरी तो मला खोटं सांगणार नाही.'

उभ्याउभ्याच वाचलं. पहिल्यांदा तुमचाच राग आला. खेळायला घ्यायची वेळ होती तेव्हा माझ्या वाट्याला शेवटची पंगत, आणि एवढा विश्वास मात्र मला न विचारता पहिल्या पानावर वाढून ठेवलात? कोणी सांगितलं होतं? मग ते पान फाडलं. आईला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

हे पत्र त्याच वहीत ठेवून ट्रंक बंद करणार आहे. तो मुलगा आता पन्नाशीकडे आलाय. रविवारी सकाळी पोरांना रग्बी शिकवतो, आणि ऐकतो की डाव्या बाजूचे उंच चेंडू जरा जास्तच झेलायला लावतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.