रायफल पाठीवर की छातीवर

१२ ऑक्टोबर, गुरुवार

शिकारीचा हंगाम पुढच्या शनिवारी उघडतो. सर्व सिद्धता पूर्ण. केवळ रायफल कशातून वाहून न्यावी, हा गौण प्रश्न अनिर्णित. उद्या संध्याकाळपर्यंत निकालात काढीन.

परिस्थितीचे गांभीर्य स्वतःच्या माहितीसाठी नोंदवतो. कोल्टर खोऱ्यात नर एल्क, म्हणजे घोड्याएवढे हरीण, मारण्याचा परवाना मॉन्टाना राज्य सोडतीने देते. एकोणीस वर्षे मी अर्ज करीत होतो. प्रत्येक नकारापोटी एक गुण जमा होतो, तेवढेच सांत्वन. यंदा परवाना लागला आणि जमलेले सगळे गुण शून्य झाले. अर्थात यंदा नाही, तर पुन्हा एकोणीस वर्षे. मी आज छप्पन्न वर्षांचा आहे. गुडघे माझ्याहून वडील वाटतात.

अर्लीनचे मत असे की रायफलीला पट्टा आहे, तो खांद्यावर टाकायचा. "आणि चालायचं, लायमन. एक पाय पुढे, मग दुसरा." माझी धर्मपत्नी दरवर्षी ह्याच आदिम पद्धतीने हरीण घरी आणते. हा योगायोग आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पहिली सॅक आली. हिच्यात रायफल पाठीशी उभी राहते आणि योद्ध्याने खड्ग उपसावे तशी खांद्यावरून उपसता येते. दिवाणखान्यात उपसली. सासूबाईंनी लग्नात दिलेला छताचा दिवा निवर्तला.

दुसरी सॅक. हिच्यात रायफल आडवी. स्वयंपाकघराच्या दारातून खेकड्याप्रमाणे प्रवेश करावा लागला. अरण्यात दारे नसतात, हे मी अर्लीनच्या निदर्शनास आणले. तिने झाडे असतात, हे माझ्या निदर्शनास आणले.

छातीवर बांधायचा खिशांचा संच मात्र सर्वोत्कृष्ट. दुर्बीण, गोळ्यांचे मॅगझीन, होकायंत्र, अस्वलासाठी तिखटाचा फवारा, सर्व हृदयानजीक. मेव्हणा ड्वेन डोकावला. म्हणाला, "मास्तर, शिकारीला निघालात की दिवस भरलेत?" लॅटिन शिकवणाऱ्या मनुष्याने अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये. दिले नाही. ते रात्री जेवताना सुचले.

२१ ऑक्टोबर, शनिवार. हंगामाचा पहिला दिवस.

गेलो नाही. तिसरी सॅक अद्याप कुरिअरच्या गोदामात. अपुऱ्या साधनांनिशी निघणे हा परवान्याचा अवमान ठरला असता.

दुपारी ड्वेनचा फोन. माझ्या खोऱ्यात, वरच्या कुरणात, प्रचंड नर एकटा चरत होता. म्हणे, "असा उभा होता मास्तर, जशी काही तुमचीच वाट बघतोय." मी विचारले, त्या कुरणाचा चढ किती आहे, कारण कंबरपट्ट्याची रुंदी त्यावर अवलंबून आहे. त्याने फोन ठेवला.

२९ ऑक्टोबर, रविवार

गेलो! तिसरी सॅक निर्दोष आहे. रायफल दोन पट्ट्यांनी आणि एका बक्कलाने अशी बद्ध होते की भूकंपातही हलणार नाही.

उजाडता उजाडता कुरणाच्या कडेला अख्खा कळप. श्वास रोधला. दुर्बिणीच्या खिशाला वेल्क्रो आहे. उघडला. चर्रर्र. ह्या खोऱ्यात एवढा मोठा आवाज यापूर्वी कोणी केला नसावा. दुर्बीण डोळ्यांना लावली तेव्हा तिच्यात अनेक पार्श्वभाग अत्यंत सुस्पष्ट दिसले.

दोष वेल्क्रोचा. उद्या बटणे शिवून घेईन.

४ नोव्हेंबर, शनिवार

मानहानी. पायवाटेच्या तोंडाशीच शिकार-निरीक्षकांनी अडवले. निरीक्षक म्हणजे टेस ऑलरिज, माझी भूतपूर्व विद्यार्थिनी. तिला षष्ठी विभक्ती कधीही जमली नाही. आता तिच्या कमरेला पिस्तूल आहे.

"सर, नारिंगी कुठंय?"

कंबरेच्या वर ठसठशीत नारिंगी वस्त्र दिसले पाहिजे, असा येथील कायदा आहे, जेणेकरून इतर शिकारी आपल्याला एल्क समजणार नाहीत. मी सविनय सांगितले की बंडी अंगात आहे. ती होतीही. पुढून छातीच्या संचाने झाकलेली, मागून सॅकने. टेस माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाली, "मागून तुम्ही हुबेहूब एल्क दिसता, सर. जरा थकलेला, पण एल्कच." दंड केला नाही, घरी पाठवले. दंड सोसला असता. तिने माझ्या पाठीवर थोपटले, ते सोसवत नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

तोडगा सापडला आणि तो इतका साधा आहे की माझा मलाच आदर वाटला. बंडी सर्वांच्या वर! ड्वेनची सर्वांत मोठी बंडी उसनी आणली. आधी छातीचा संच, त्यावर बंडी, बंडीवर सॅक, सॅकवर नारिंगी आच्छादन.

अर्लीनने विचारले, "आणि मॅगझीन कसं काढणार?" मी म्हणालो, तो तपशील आहे. ती मोज्यांच्या घड्या करू लागली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

बर्फ. एल्क खाली उतरले आहेत, सर्वांना दिसतात, मला सोडून. गेल्या शनिवारी मी गॅरेजमध्ये होतो, कारण सराव अपरिहार्य होता. रायफलीऐवजी पाठीवर झाडू बांधला. दांडा तत्काळ निघाला. कुंचा आतच राहिला.

छप्पन्न अधिक एकोणीस. हा हिशेब मी काल फळ्यावर केला, वर्गासमोर, अनवधानाने. मागच्या बाकावरून कोणीतरी "पंचाहत्तर" म्हणाले.

एकच आठवडा. हे देवा, एकच आठवडा. चौथी सॅक मागवली होती, ती मंगळवारी परत केली. बुधवारी पुन्हा मागवली.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

ड्वेन सहकुटुंब जेवायला. टर्की वाढताना म्हणाला, "मास्तर, हिचे पट्टे सोडलेत ना?" सगळे हसले. अर्लीन हसली नाही, ह्याची मी नोंद घेतली.

नंतर मी गॅरेजमध्ये पट्ट्यांच्या ढिगात बसलो होतो. कारण विशेष काही नव्हते. ती आली, उलट्या बादलीवर बसली. म्हणाली, "जूनमध्ये परवान्याचं पाकीट आलं, त्या दिवशी मी मांसासाठी अर्धा फ्रीजर रिकामा केला. तो अजून तसाच आहे." मग म्हणाली, "रविवारी मी येते." रुग्णाच्या नातेवाइकांशी डॉक्टर ज्या आवाजात बोलतात, तो आवाज.

२६ नोव्हेंबर, रविवार. अंतिम दिन.

अर्लीन पुढे. मी मागे, किणकिणत. दिवसभर केवळ ठसे.

सूर्य टेकत असताना, वरच्या कुरणात, तो उभा होता. नर. शिंगे अशी की मी मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात अर्लीनने माझा दंड धरला. तिचा तो पट्टा खांद्यावरून केव्हा उतरला, मला दिसलेच नाही. तिची रायफल खांद्याला लागली होती. तिने त्याला क्षणभर पाहिले आणि रायफल खाली घेतली. परवाना माझ्या नावाचा आहे. दुसऱ्याच्या परवान्यावर गोळी झाडणे हा गुन्हा, आणि ती गुन्हा करणारी नव्हे.

"लायमन. आता."

बक्कल गोठलेले. तिने हातमोजा दातांत धरून ते सोडवले. सॅक बर्फात उतरली. रायफल माझ्या हाती आली, रिकामी. मॅगझीन संचात, संच बंडीखाली. तिने बंडी माझ्या डोक्यावरून ओढली. ती हनुवटीपाशी अडकली आणि मी एका नारिंगी अंधारात उभा राहिलो.

आतून विचारले, "आहे का अजून?"

"आहे."

ती ओढत होती. मी वाकलो, त्याने अधिकच अडकले. पुन्हा विचारले.

"आहे. तुझ्याकडेच बघतोय."

तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा ती काही बोलली नाही. ओढायचीही थांबली.

अंधारात उतरलो. घरी अर्लीनने सूप गरम केले. वाडगा माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, पुढच्या वर्षापासून अर्ज तिच्या नावाने जाईल. "लागेल तेव्हा लागेल. लागला की मारायचं काम माझं. तू मांस वाहायचं."

मी मान डोलावली. ह्या संपूर्ण हंगामात माझ्या पाठीविषयी कोणीतरी प्रथमच काही निश्चित ठरवले होते.