दुसरा हात

५ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अ. उ. आ.

कावीळ उतरली. डॉक्टरांनी पित्ताच्या वाटेत बारीक नळी बसवली आणि मी मूळ रंगावर आलो. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, पण इतका पक्का पिवळा मला कधी जमला नव्हता! तिथून घासून काढलेल्या पेशींत कॅन्सर सापडला नाही. ऐकून तुझी वहिनी ढसाढसा रडली. आता म्हणे आणखी एक तपासणी करा. कशाला? सुंठीवाचून खोकला गेला. तू प्रयोगशाळेतली, लगेच चष्मा सरसावू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

१२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास, सा. न. वि. वि.

चष्मा सरसावलाच. दादा, सापडला नाही म्हणजे नाहीच, असं नसतं रे. घासून निघतात मोजक्या पेशी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुष्कळदा फसवतात. आम्ही त्यांच्या जनुकांतले बदल शोधतो. लपलेला आजार त्यात कळू शकतो. लवकर कळला तर ऑपरेशन करता येतं. त्यासाठी पुन्हा नमुना द्यायला हवा.

एक हात मारून सोडलेली भिंत तुला खपत नाही. कामगारांना किती शिव्या घालतोस! मग स्वतःच्या बाबतीत हा अर्धवटपणा का? मला फार भीती वाटतेय. माझ्यावर रागाव, पण जा.

वहिनीला नमस्कार. लोभ ठेव आणि यावेळी ऐकही.
तुझी चिमणी

२० एप्रिल

चि. चिमणीस, अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा एका घराचं काम हातात होतं. ते संपवून जाऊ म्हटलं. मग दुसरं आलं. तोंडाला चव आली होती गं, वाटलं, बरा झालो. मग अंगाला खाज सुटली, डोळे पुन्हा पिवळे झाले. तेव्हा कुठे तुमची ती तपासणी केली. कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय, ऑपरेशन होणार नाही.

आधी आलो असतो तर, असं वहिनीने विचारलं. डॉक्टरांनी दुखण्यावरची औषधं लिहून दिली. तू मात्र स्वतःला बोल लावू नकोस. तू सांगायचं ते सांगितलंस.

तुझी इथली खोली रंगवायला काढलीय. लहानपणी तू पिवळीच हवी म्हणून रडायचीस, मी लवकर मळते म्हणून टाळायचो. पहिला हात झालाय. आता शिडी चढवत नाही. रजा काढून ये, दुसरा तू मार. मी खाली बसून शिव्या घालीन.

उशीर करू नकोस. मी केला तेवढा पुरे.

तुझाच,
दादा