अस्सल सागवानी दरवाजा

३ जानेवारी, सकाळी सात
महाचित्रपटाचं काम आजपासून सुरू. तीन तासांचा इतिहास, शेवटी किल्ल्याचा दरवाजा फुटतो आणि प्रेक्षक ढसाढसा रडतात. निश्चय: काहीही खोटं नाही. थर्माकोल, पुठ्ठा, कॉम्प्युटर, सगळं बंद. बायको म्हणाली, आधी गिझरवाल्याला फोन कर. थोरांच्या घरी हे असंच चालतं.

५ जानेवारी
निर्माते म्हणजे सासरे. धान्याच्या गोदामाचे मालक, तरी माणूस बरा. अट घातली की दरवाजा फुटण्याचा सीन आधी शूट करून दाखवा. आवडला तर सिनेमा, नाहीतर जावईबापूंनी सिनेमाचं नाव सोडून गोदामात बसायचं. मी हसून हो म्हटलं.

११ जानेवारी
आर्ट डायरेक्टर म्हणाला, फळ्या मागून अर्ध्या कापून ठेवू, म्हणजे धक्क्याला फुटतील. त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. म्हाताऱ्या सुताराला सांगितलं, त्या काळी करायचे तसाच दरवाजा कर, अस्सल सागवानी. त्याने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. त्याने आणखी दोनदा विचारलं. काही लोकांना ठाम माणसाची सवयच नसते.

२ फेब्रुवारी
सैन्याबरोबर रोज पळायचं ठरवलं होतं. उद्यापासून.

१९ फेब्रुवारी, सकाळी अकरा
शूटिंग. सैनिक पाच हजार ठरले होते, चाळीस आलेत. कॅमेऱ्यामागून पळत जाऊन तेच पुन्हा येतात. पहिला धक्का. ओंडका मधोमध मोडला. किरकोळ बाब.

दुपारी दोन
दुसरा ओंडका. सेनापतीचा खांदा निखळला. दरवाजावर ओरखडा नाही. सुतार खुर्ची टाकून चहा पितोय. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मला मुळीच आवडलं नाही.

साडेपाच
सैन्य खाली बसलं. एकाने कडी वाजवून बघितली.

२० फेब्रुवारी
आंघोळ करताना सुचलं. राजा दरवाजापर्यंत येतो, विचारात पडतो आणि सैन्य घेऊन परत फिरतो. युद्धाची व्यर्थता. खरं तर हेच माझ्या मनात पहिल्यापासून होतं. किल्ला पडला होता असं इतिहास सांगतो, पण इतिहासालाही एडिटिंग लागतं.

२४ फेब्रुवारी
सासऱ्यांना सीन दाखवला. वीस मिनिटं ते नुसते दरवाजाकडे बघत होते. भारावले असणार. दिवे लागल्यावर एकच विचारलं, सुताराचा नंबर आहे का?

१५ मार्च, दुपारी एक
दरवाजा गोदामाला बसला. शोभतो, हे मान्य करायला हवं. मी आतल्या टेबलावर, अर्थात तात्पुरता. दार उघडायला चार हमाल लागतात; आज त्यांची सुट्टी, तेवढं सकाळी मला आत सोडून दार लोटून गेले. बायकोने जेवायला बोलावलंय. दोनदा खांदा लावला, दार हलत नाही. तिथेच पोत्यावर बसलो आणि पहिल्यांदा वाटलं की सिनेमा काही होत नाही. फार वाईट वाटलं.

शेवटी सुताराला फोन केला. म्हटलं, येऊन दार उघड. त्याने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. त्याने आणखी दोनदा विचारलं.