न वाचलेलं वचन

रूथवहिनींना संकोचाने नमस्कार.

तुम्ही विमानात होतात, तेव्हा अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या हॉस्पिटलात तुमच्या शमुवेलजवळ मीच होतो. प्रभूने स्वर्गात जागा तयार ठेवली आहे, ते बायबलमधलं वचन वाच, एवढंच त्याने मागितलं. मला मात्र आम्हा दोघांच्या चौथीच्या पुस्तकातली आभाळाची कविता जास्त गोड वाटली. मी तीच म्हणत सुटलो.

"गाढवा," तो हसला, "मला शाळेत नाही, घरी जायचंय. बायबल उघड."

उघडलं. पण पानं मला अनोळखी. वचन सापडेपर्यंत तो गेला होता.

"ऐकून शांतपणे गेला," असं मी तुम्हाला सांगितलं. आता रविवारी चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ ते मीच वाचावं म्हणता. वहिनी, वचन पाठ झालंय, पण तोंड उघडत नाही.

हे पत्र खिशातच ठेवणारा,
प्रल्हाद