जिनिंगच्या आडचा डोंगर

माय,

आपल्या घरासमोरचं जिनिंग पाडलं. कापसातून सरकी काढणारी यंत्रं, गंजके पत्रे, काळी चिमणी, सगळं भंगारात गेलं आणि मागचा डोंगर पहिल्यांदाच पायथ्यापासून दिसला. फाल्गुन आहे, पळस असा फुललाय की पान दिसत नाही. धामणगाव बढ्याकडे जाणारी पोरं गाडी थांबवून फोटो काढतात. माझी सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, आता कसं गाव वाटते!" मला तर लहानपणापासून हेच पाहिजे होतं.

त्या जिनिंगवर मी मनापासून जळायचे. भोंगा वाजला की तू अर्धी भाकर ताटात सोडून निघायचीस. घरी तुझं बोलणं म्हणजे 'जेव', 'निज', 'दिवा लाव'. आणि डबा घेऊन यावं तर तू कापसाच्या ढिगाशी बायकांमध्ये बसून हसते आहेस, पदर तोंडावर धरून, भुवयांवर कापसाची लव. मला पाहिलं की हसू आवरायचीस. हसणारी ती बाई मला घरी हवी होती.

एका दसऱ्याला मी सकाळपासून बसून दारासाठी झेंडूचं तोरण ओवलं होतं. तू ते उचललंस आणि यंत्राच्या पूजेला नेऊन तुझ्या सात नंबरच्या यंत्राला बांधलंस. मी तिथेच पाय आपटले. "आपल्या दाराले काऊन नाही? पाडा हे भंगार एकदाचं, डोंगर तरी दिसंन!" सगळ्या बायकांदेखत तू माझं मनगट धरलंस. "डोंगरानं कधी पोटाले देलं काय वं? ह्या मशिनीच्या जिवावर शाळेत जाऊन राह्यली तू. पाया पड." मी पडले. तुझं म्हणणं आज पटतं. तेव्हा मात्र सवतीच्या पाया पडल्यासारखं वाटलं होतं.

परवा यंत्रं ट्रकवर चढवत होते तेव्हा तुझ्या शेजारच्या यंत्रावर काम करणारी मावशी काठी टेकत बघायला आली. डोळे पुसत होती. मी तिला घरी आणून चहा दिला. चहा बशीत ओतता ओतता म्हणाली, "तुही माय घरी मुकी असंन, पण जिनिंगवर तिचं तोंड काही बंद राहे नाही. सारं तुहंच. पोरगी अशी वाचते, पोरगी तशी लिहिते. कान किटले होते आमचे."

तिला वाटलं, मी सुखावेन. मी नुसती जळले, माय. कौतुक माझं, तेही तुझ्या तोंडचं, आणि ते रोज ऐकलं कोणी, तर ह्या बायांनी! निकाल दाखवला की मला तू 'बरं' एवढंच म्हणायचीस. डोंगर मोकळा झाला, आता राग धरायला समोर पत्राही नाही, म्हणून मावशीचा राग आला. बिचारीचा काय दोष?

जाताना ती म्हणाली, "गेलेल्या मायले दोन ओळी लिह्य, मन हलकं होते. मंग मलेबी वाचून दाखव."

लिहिलं. पण तिला वाचून दाखवायची नाही मी. तुझं बोलणं तिने पोटभर ऐकलंय. उद्या आली की सांगणार आहे, काही सुचलंच नाही.